यादीत नाव कोणाचं? अमेरिकेतल्या कारखान्यांतल्या युनियन मतदानाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल 2024 मध्ये टेनेसी राज्यातल्या चॅटानूगा इथल्या फोक्सवॅगन कारखान्यात युनायटेड ऑटो वर्कर्स ही युनियन 2,628 विरुद्ध 985 मतांनी जिंकली. अशा बातमीत आकडे येतात, जल्लोषाचे फोटो येतात. मत कोणाला होतं आणि कोणाला नव्हतं, हे सहसा येत नाही. माझ्या मते अशा निवडणुकीचा अर्धा निकाल तिथेच लागलेला असतो, म्हणून हे पान. खालचे प्रश्न आपल्याकडच्या युनियनमधल्या मंडळींचे आहेत, तसेच तिकडे नोकरीला गेलेल्यांचेही. हा वकिली सल्ला नव्हे. कोणाचं प्रकरण खरोखर अडलं असेल तर तिकडचा कामगार वकील गाठावा.

हे मतदान नेमकं कशाचं?

युनियनच्या पदाधिकाऱ्यांच्या निवडणुकीशी याचा संबंध नाही. इथे प्रश्न एकच असतो: कंपनीशी पगार आणि कामाच्या अटी यांवर बोलणी करायला आमच्या वतीने ही युनियन हवी का? हो किंवा नाही. 1935 च्या नॅशनल लेबर रिलेशन्स ॲक्टखाली हे मतदान होतं आणि ते नॅशनल लेबर रिलेशन्स बोर्ड ही केंद्र सरकारची संस्था घेते. युनियन हवी असं म्हणणारी, किमान 30 टक्के कामगारांच्या सह्यांची कार्डं जमली की बोर्डाकडे अर्ज करता येतो. जिंकण्यासाठी झालेल्या मतांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात. बरोबरी झाली तर युनियन हरली असं धरतात. एकदा मतदान झालं की त्याच गटात पुढचे बारा महिने दुसरं घेता येत नाही.

मत द्यायला आधी युनियनचं सभासद असावं लागतं का?

नाही. सभासद नसलेल्याला मत आहे, युनियनच्या कट्टर विरोधकालाही आहे. कार्डावर सही केली नसली तरी चालतं, आणि सही करून प्रत्यक्षात विरोधात मत दिलं तरी कोणाला कळत नाही.

मग आपल्याकडे काय होतं? महाराष्ट्रात असं मतदान का नाही?

महाराष्ट्रात मान्यतेचा रस्ता वेगळा पडला. 1971 चा कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा कायदा 1975 पासून अंमलात आला. पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत ज्या युनियनकडे अर्जाच्या आधीचे सलग सहा महिने किमान 30 टक्के सभासद आहेत, तिने औद्योगिक न्यायालयात अर्ज करायचा. मग तपासणी अधिकारी सभासद नोंदवही, वर्गणीच्या पावत्या, हजेरीपट घेऊन बसतो. म्हणजे मतपेटीच्या जागी पावतीपुस्तक. गिरण्यांसाठी त्याआधीपासून 1946 चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा होता. त्या कायद्याखाली राष्ट्रीय मिल मजदूर संघाला मिळालेला एकाधिकार काढा, ही 1982 च्या संपातली मोठी मागणी होती.

भारतात गुप्त मतदान होतच नाही असं मात्र नाही. अन्न महामंडळाच्या युनियनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये गुप्त मतदानाची रीतसर पद्धत घालून दिली. मुख्य कामगार आयुक्त ठरवतील त्या तारखेला जे पटावर असतील त्यांची यादी, सूचना फलकावर ती लावणं, हरकतींसाठी मुदत, असं सगळं त्यात आहे. रेल्वेत 2007, 2013 आणि डिसेंबर 2024 मध्ये मान्यतेसाठी मतदान झालं. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत 51 टक्के कामगारांच्या पाठिंब्याची अट आहे, तीही मस्टरवरच्या कामगारांच्या. मस्टरवर नाव कोणाचं, हा प्रश्न आला की आपणही अमेरिकेतल्या भांडणाच्या दारात येऊन उभे राहतो.

मतदार कोण हे शेवटी ठरवतं कोण?

आधी दोन्ही बाजूंनी आपसात ठरवून पाहायचं. कंपनी आणि युनियन यांचं एकमत झालं तर तसा करार होतो, बोर्डाचा प्रादेशिक संचालक त्यावर शिक्का मारतो आणि मतदानाची तारीख पडते. एकमत झालं नाही तर सुनावणी होते, साक्षीदार येतात, खात्यांचे तक्ते मांडले जातात आणि संचालक आदेश काढतो. त्यावर वॉशिंग्टनमधल्या मुख्य बोर्डाकडे दाद मागता येते.

मुख्य बोर्डावर पाच सदस्य असतात आणि त्यांना राष्ट्राध्यक्ष नेमतात. त्यामुळे व्हाइट हाउसमधला पक्ष बदलला की नियमांचा अर्थही काही वर्षांत बदलतो. पुढे त्याचं ठसठशीत उदाहरण येईलच.

बार्गेनिंग युनिट म्हणजे काय, आणि त्यावरून एवढी हाणामारी का?

ज्या कामगारांच्या वतीने युनियन बोलणी करणार त्यांचा गट म्हणजे बार्गेनिंग युनिट. मतदान फक्त त्या गटाचं. गट पूर्ण कारखान्याचा असू शकतो, एका खात्याचा असू शकतो, एका कसबाचा असू शकतो. कायद्याला सगळ्यात योग्य गट लागत नाही, योग्य असला म्हणजे पुरे. योग्य केव्हा? तर त्या लोकांचे हितसंबंध सारखे असतील तेव्हा. काम, कसब, पगाराची पद्धत, सुपरवायझर, एकमेकांच्या जागी काम करणं, रोजचा संबंध, असं बरंच काही त्यासाठी तपासतात.

भांडण साधं आहे. युनियनचा जोर वेल्डिंग खात्यात असेल तर ती म्हणणार, वेल्डर वेगळे. कंपनी म्हणणार, छे, सगळा कारखाना एक. कंपनीला एकाएकी कामगारांच्या एकीचा उमाळा येतो तो इथे.

चॅटानूगाची कथा यासाठी वाचण्यासारखी आहे. फेब्रुवारी 2014 मध्ये तिथे उत्पादन आणि देखभाल या दोन्हींकडच्या कामगारांचं एकत्र मतदान झालं आणि युनियन 712 विरुद्ध 626 अशी हरली. पुढच्या वर्षी युनियनने फक्त देखभाल खात्यातले कुशल कामगार, म्हणजे मशिनं आणि रोबो दुरुस्त करणारे साधारण 160 लोक, एवढाच गट मागितला. बोर्डाने तो मान्य केला. डिसेंबर 2015 मध्ये युनियन 108 विरुद्ध 44 ने जिंकली. पण कंपनी बोलणीला बसेना. तिचं म्हणणं, हा गटच चुकीचा. देखभालवाले आणि उत्पादनवाले वेगळे कसे? प्रकरण कोर्टात गेलं.

बोर्ड त्या वेळी 2011 चा एक निकष वापरत होतं. युनियनने मागितलेला गट एकसंध दिसत असेल, तर बाहेरच्यांना आत घ्या म्हणणाऱ्या कंपनीने सिद्ध करायचं की त्या बाहेरच्यांचे हितसंबंध आतल्यांशी जबरदस्त गुंतलेले आहेत. ही पायरी चढणं अवघडच. डिसेंबर 2017 मध्ये, ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत, बोर्डाने हा निकष मोडीत काढला. ज्या प्रकरणात तो मोडला ते ओरेगन राज्यातल्या धातूचे भाग ओतणाऱ्या कारखान्यातलं होतं: युनियनला सुमारे 100 वेल्डर हवे होते, कंपनीचं म्हणणं 2,565 जणांचा पूर्ण गट. निकष बदलल्यावर चॅटानूगाचं प्रकरण कोर्टातून परत बोर्डाकडे आलं. शेवटी 2019 मध्ये युनियनने त्या छोट्या गटावरचा हक्क स्वतःहून सोडला आणि पुन्हा पूर्ण कारखान्याचं मतदान मागितलं. जूनमध्ये ते झालं आणि युनियन 833 विरुद्ध 776 अशी, म्हणजे 57 मतांनी, पुन्हा हरली. म्हणजे 2015 चा विजय हातात असून त्या देखभालवाल्यांना बोलणीचा एक दिवसही मिळाला नाही. 2022 च्या डिसेंबरमध्ये बोर्डाने 2011 चा निकष परत आणला. तोवर चॅटानूगात त्याची गरज उरली नव्हती. 2024 ला पूर्ण कारखानाच, साधारण 4,300 मतदार, युनियनच्या बाजूला झुकला.

बोइंगच्या साउथ कॅरोलिनातल्या कारखान्याचंही असंच. 2017 मध्ये तिथे उत्पादनातल्या सगळ्यांचं मतदान झालं, 74 टक्के मतं युनियनच्या विरोधात पडली. 2018 मध्ये तयार विमान उड्डाणासाठी सज्ज करणारे तंत्रज्ञ आणि तपासनीस, पावणेदोनशेच्या आसपास लोक, वेगळा गट म्हणून मतदानाला गेले आणि 104 विरुद्ध 65 ने युनियन जिंकली. 2019 मध्ये बोर्ड म्हणालं, हा गटच योग्य नाही. विजय रद्द.

मग युनियनने नेहमी छोटाच गट मागावा ना?

मागतात, पण त्याने हमी मिळत नाही. टेनेसीतल्याच स्मर्ना इथल्या निसान कारखान्यात टूल अँड डायच्या, म्हणजे साचे आणि हत्यारं घडवणाऱ्या, कारागिरांचा छोटा गट बराच काळ झगडून मान्य झाला. कंपनीला त्यात हजारो उत्पादन कामगार हवे होते. मार्च 2023 मध्ये त्या छोट्या गटाचं मतदान झालं आणि युनियन 62 विरुद्ध 9 ने हरली. वरच्या अर्ध्या निकालाच्या विधानाला हा अपवाद मी मुद्दाम सांगतो आहे.

दुसरं, छोट्या गटाची ताकदही छोटी. शंभर लोकांनी काम थांबवलं तर कारखाना थांबेलच असं नाही.

कोणत्या तारखेला कामावर असलेल्याला मत?

दोन तारखा लक्षात ठेवायच्या. मतदानाचा आदेश निघतो किंवा करार मंजूर होतो, त्याच्या लगेच आधी संपलेला पगाराचा आठवडा किंवा पंधरवडा ही पहिली. त्या काळात गटातल्या कामावर असलं पाहिजे. दुसरी मतदानाची तारीख. त्या दिवशीही नोकरीत असलं पाहिजे. मधल्या काळात राजीनामा दिला तर मत गेलं. मधल्या काळात लागलात तर ते मिळालंच नाही. कंपनीने मतदानाच्या तोंडावर शंभर माणसं भरून पारडं फिरवू नये, हा यामागचा एक हेतू.

नुकताच लागलो आहे, प्रोबेशनवर आहे. चालेल?

चालेल. किती महिने झाले याला महत्त्व नाही. त्या पगाराच्या काळात प्रत्यक्ष काम सुरू केलेलं असलं की झालं, मग ते प्रशिक्षण का असेना. नुसतं नेमणूकपत्र हातात असून उपयोग नाही. आपल्याकडे सलग नोकरी धरायला लागणारे 240 दिवस हा आकडा डोक्यात इतका बसलेला आहे की हे ऐकून अनेकांचा विश्वास बसत नाही.

कारखानाच नवा आहे, भरती चालू आहे. तेव्हा मतदान होतं का?

होतं, पण बोर्ड पाहतं की भरती पुरेशी झाली आहे का. ढोबळ ठोकताळा असा: शेवटी जेवढे लोक असणार त्यांपैकी साधारण 30 टक्के आले असावेत आणि जेवढ्या प्रकारची कामं असणार त्यांपैकी निम्मी सुरू झालेली असावीत. दहा जणांनी मत देऊन पुढच्या हजारांचं ठरवणं बोर्डाला पटत नाही.

पार्ट-टाइम आणि सीझनल कामगारांचं काय?

नियमितपणे पार्ट-टाइम येणाऱ्याला पूर्ण मत असतं, अर्ध नाही. कधीमधी बोलावल्यावर येणाऱ्यांसाठी बोर्ड बहुधा एक सूत्र वापरतं: आधीच्या तीन महिन्यांत सरासरी आठवड्याला चार तास भरले का? भरले तर मतदार.

सीझनलचा निकष वेगळा. पुढच्या हंगामात परत बोलावलं जाण्याची वाजवी अपेक्षा आहे का, हे बघतात. दरवर्षी तीच माणसं येत असतील तर ती मतदार. दरवर्षी रस्त्यावरून नवीन माणसं उचलली जात असतील तर नाही.

आकडा किती हलू शकतो याचं उदाहरण कारखान्यातलं नाही, गोदामातलं आहे, पण ते द्यायलाच हवं. अलाबामातल्या बेसेमर इथल्या ॲमेझॉनच्या गोदामासाठी युनियनने 2020 च्या नोव्हेंबरमध्ये अर्ज केला तो सुमारे 1,500 लोकांच्या गटासाठी. कंपनीने सांगितलं, सीझनल धरून आमच्याकडे पाच हजारांच्या वर आहेत. शेवटी मतदार झाले साधारण 5,800. युनियनने माघार न घेता पुढे जायचं ठरवलं. निकाल 1,798 विरुद्ध 738, युनियन हरली. दीड हजारांचा हिशेब मांडून बसलेल्या संघटकांपुढे चौपट लोक आले, आणि तेही कोविडच्या दिवसांत, घरोघर जाणं मुश्कील असताना.

कंत्राटी, एजन्सीतर्फे आलेल्यांना मत असतं का?

हा प्रश्न आपल्याकडून सगळ्यात जास्त येतो, साहजिकच. उत्तर: युनियनने त्यांना गटात मागितलं असेल, आणि कारखाना व एजन्सी हे दोघे मिळून त्यांचे मालक ठरत असतील, तर असू शकतं. कारखानदार त्यांच्या कामावर, वेळेवर, शिस्तीवर किती ताबा ठेवतो यावर ते ठरतं.

बोर्ड यातही झोके घेत आलं आहे. कायम आणि एजन्सीवाले एका गटात आणायला 2000 मध्ये दोन्ही मालकांच्या संमतीची गरज नाही असं ठरलं, 2004 मध्ये गरज आहे असं ठरलं, 2016 मध्ये पुन्हा नाही असं.

व्यवहारात मात्र एजन्सीवाले पुष्कळदा बाहेरच राहतात. 2017 मध्ये मिसिसिपीतल्या कँटनच्या निसान कारखान्यात मतदान झालं तेव्हा कायम कामगार आणि एजन्सीतून येऊन नंतर कंपनीच्या पटावर घेतलेले मतदार होते. त्याच लाइनवर उभे असलेले एजन्सीचे कामगार नव्हते. निकाल 2,244 विरुद्ध 1,307, युनियन हरली. एजन्सीवाले असते तर निकाल उलटला असता असं मी म्हणणार नाही. ते युनियनकडे झुकले असते की पर्मनंट होण्याच्या आशेने कंपनीकडे, हे सांगता येत नाही. पण एकाच गाडीला डावं आणि उजवं दार बसवणाऱ्या दोघांपैकी एकाला मत आणि एकाला नाही, हे चाकणमधल्या कोणालाही समजावून सांगावं लागणार नाही.

सुपरवायझरला मत का नाही? तोही पगारावरच असतो की.

1947 पर्यंत होतं. डेट्रॉइटच्या पॅकार्ड मोटार कंपनीतल्या फोरमन लोकांनी आपली संघटना बांधली होती. कंपनी म्हणाली, फोरमन म्हणजे व्यवस्थापनाचा माणूस, त्याच्याशी बोलणी कसली? सुप्रीम कोर्टाने मार्च 1947 मध्ये फोरमनच्या बाजूने निकाल दिला. जेमतेम साडेतीन महिन्यांत अमेरिकी संसदेने राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचा नकाराधिकार डावलून टॅफ्ट-हार्टली कायदा मंजूर केला आणि सुपरवायझर कायद्याच्या कक्षेबाहेर गेले. फोरमनांचा विजय एक उन्हाळाही टिकला नाही.

आता प्रश्न उरतो तो, सुपरवायझर कोण? पदनामाला किंमत नाही. कायद्यात बारा अधिकार दिलेले आहेत: नेमणं, बदली करणं, निलंबित करणं, ले-ऑफ देणं, परत बोलावणं, बढती, काढणं, काम नेमून देणं, बक्षीस, शिस्तीची कारवाई, जबाबदारीने काम करवून घेणं, तक्रारी मिटवणं. यांपैकी एक जरी अधिकार असला, किंवा अशा गोष्टीत ज्याची शिफारस मानली जाते, आणि तो स्वतःच्या विचाराने वापरत असेल, तर तो सुपरवायझर. नुसती वरून आलेली यादी वाचून 'तू तिकडे, तू इकडे' म्हणणारा नाही. 2006 च्या एका निर्णयात बोर्डाने म्हटलं की अधूनमधून सुपरवायझरचं काम करणाऱ्याने कामाच्या वेळेच्या किमान 10 ते 15 टक्के वेळ ते नियमितपणे केलं, तर तो बाहेर.

सगळ्यात अडचण लीड आणि टीम लीडर लोकांची. हाताने काम करतात, चार जणांवर लक्षही ठेवतात. कंपनीला कधी ते सुपरवायझर हवे असतात, कधी नको असतात. कुठल्या बाजूला किती लीड आहेत यावर ते असतं. पण सिद्ध करण्याची जबाबदारी 'हा सुपरवायझर आहे' म्हणणाऱ्याची, हे चांगलं आहे. कागदावरचं जॉब डिस्क्रिप्शन त्याला पुरत नाही. या माणसाने अमुक वेळी अमुक जणाला अमुक ठिकाणी लावलं, असं दाखवावं लागतं.

इंजिनियर, ऑफिसचे क्लार्क, गेटवरचे गार्ड?

गार्डना मत आहे, पण स्वतःच्या वेगळ्या गटात. इतर कामगारांबरोबर एका गटात त्यांना घालायचं नाही अशी कायद्यातच तरतूद आहे. संप झाला तर गेट कोण सांभाळणार, हा त्यामागचा विचार.

इंजिनियर आणि तत्सम व्यावसायिकांना इतरांच्या गटात घालायचं तर आधी त्यांच्या बहुमताने ते मान्य व्हावं लागतं. 1950 च्या दशकात बोर्डाने वेस्टिंगहाउसच्या 233 इंजिनियर-व्यावसायिकांच्या गटात 9 इतर कर्मचारी त्यांना न विचारता घातले. इंजिनियरांची संघटना कोर्टात गेली आणि 1958 मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन जिंकली. नऊ माणसांसाठी!

क्लार्कांत दोन जाती. शॉप फ्लोअरवर बसून उत्पादनाची नोंद ठेवणारा प्लांट क्लार्क सहसा कामगारांबरोबर येतो, हिशेब किंवा एचआरच्या ऑफिसातला येत नाही. कामगार धोरण ठरवणाऱ्या साहेबाच्या गोपनीय सचिवाला तर मतच नाही.

मालकाचे नातेवाईक कामावर असतील तर?

मालकाचा मुलगा, मुलगी, नवरा, बायको यांना कायदाच कर्मचारी धरत नाही. मालकी अनेकांत वाटलेली असली किंवा नातं याहून दूरचं असलं की वाद होतात. मिशिगनमध्ये तीन भावांची मोटारीच्या सुट्या भागांची दुकानं होती. तिथे मतदान झालं आणि युनियनने दोन मतांवर हरकत घेतली. एक मतदार होती एका भावाची बायको, दुसरी तिघांची आई. दोघी क्लार्क म्हणून काम करत होत्या. 1985 मध्ये सुप्रीम कोर्टाने बोर्डाचं म्हणणं उचलून धरलं: मालकाशी इतक्या जवळच्या नात्याने बांधलेल्यांचे हितसंबंध इतर कामगारांपेक्षा वेगळे असू शकतात, त्यांना बाहेर ठेवता येतं. यासाठी त्यांना नोकरीत खास सवलत मिळत होती असं दाखवायची गरज नाही. आईचं मत मोजलं गेलं नाही.

संपावर आहे, ले-ऑफवर आहे, आजारी रजेवर आहे, काढून टाकलंय. मत आहे?

आजारी असलेला किंवा रजेवर असलेला: आहे. राजीनामा किंवा बडतर्फी झालेली नसली की तो कामगारच.

ले-ऑफवर असलेला: परत बोलावलं जाण्याची वाजवी अपेक्षा असेल तर आहे. 'बघू, कळवू' एवढ्यावर भागत नाही.

काढलेला: तशी बडतर्फीने पात्रता जाते. पण युनियनच्या कामामुळे काढलं अशी तक्रार बोर्डाकडे प्रलंबित असेल तर तो हरकतीखाली मत देऊ शकतो. तक्रारीचा निकाल लागला की त्या मताचाही लागतो.

संपावर असलेल्यांचा इतिहास कडवट आहे. पगारवाढीसारख्या मागणीसाठी संप केला आणि कंपनीने त्याच्या जागी कायमचा दुसरा भरला, तर 1947 च्या कायद्याने त्या संपकऱ्याचं मत काढून घेतलं आणि बदल्यात आलेल्याला दिलं. म्हणजे संप फोडून तिथेच मतदान घ्यायचं आणि युनियन बाहेर काढायची. 1959 मध्ये हे सुधारलं. आता संप सुरू झाल्यापासून बारा महिन्यांच्या आत मतदान झालं तर संपकऱ्यालाही मत आहे आणि त्याच्या जागी कायम भरलेल्यालाही. कंपनीच्या बेकायदा वागण्याविरुद्ध संप असेल तर बारा महिन्यांची मर्यादा नाही, आणि त्या जागी भरलेल्यांना मत नाही.

अमेरिकेचा नागरिक नाही, एच-वन-बी किंवा ग्रीन कार्डवर आहे. मत देता येईल?

येईल. हे देशाचं मतदान नाही, नागरिकत्वाचा त्याच्याशी संबंध नाही. कामावरून सुपरवायझर किंवा व्यवस्थापनाचा माणूस ठरत असाल तर बाहेर, पण ते व्हिसामुळे नव्हे. कागदपत्रं नसलेल्या कामगारांनाही मत आहे. शिकागोतल्या चामड्याच्या एका छोट्या कारखान्यात युनियन जिंकल्यावर मालकाने आपल्याच कामगारांची इमिग्रेशन खात्याकडे खबर दिली. त्या प्रकरणात 1984 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तेही या कायद्याखाली कामगारच. मात्र अशा माणसाला बेकायदा काढलं तरी मागचा पगार मिळत नाही, असं त्याच कोर्टाने 2002 मध्ये ठरवलं. मत मिळालं, संरक्षण निम्मंच.

मतदार यादीत काय असतं आणि ती युनियनला का देतात?

यादी कंपनीने करायची. नाव, कामाची जागा, पाळी, पद, घरचा पत्ता, आणि कंपनीकडे असतील तर खासगी ईमेल व फोन नंबर. डिसेंबर 2023 पासूनच्या नियमांप्रमाणे आदेशानंतर कामकाजाच्या दोन दिवसांत ती बोर्डाला आणि युनियनला पोचली पाहिजे. नाव-पत्ते देण्याची सक्ती 1966 पासून आहे. कंपनी पगार देऊन, कामगारांना सभेला बसवून युनियनविरोधी भाषणं ऐकवू शकत होती, तर युनियनला निदान दार ठोठावता यावं, हा त्यामागचा तर्क होता. फोन नंबर दिला म्हणून नाराज होणारे कामगारही असतात आणि त्यांची नाराजी मला समजते. पण यादी नसेल तर तीन पाळ्यांत विखुरलेल्या हजारो लोकांपर्यंत पोचायला युनियनकडे गेटबाहेरच्या पत्रकांपलीकडे काही उरत नाही.

मतदानाला गेलो आणि यादीत नाव नाही, किंवा कोणी हरकत घेतली. मग?

टेबलामागे बोर्डाचा अधिकारी असतो, बाजूला कंपनीचा एक आणि युनियनचा एक निरीक्षक, दोघेही सहसा कामगारच. तुम्ही नाव सांगता. यादीत सापडलं नाही तर अधिकारी स्वतःच हरकत नोंदवतो. सापडलं, पण एखादा निरीक्षक म्हणाला की हा सुपरवायझर आहे, तरी हरकत. तिथे वाद घालायचा नसतो, कोणी घालूही देत नाही. तुम्हाला मतपत्रिका मिळते, तुम्ही आडोशाला जाऊन खूण करता आणि ती एका पाकिटात घालता. त्या पाकिटावर तुमचं नाव आणि हरकतीचं कारण लिहिलेलं असतं. पाकीट पेटीत.

मोजणीच्या वेळी ही पाकिटं बाजूला काढतात आणि आधी बाकीची मतं मोजतात. फरक पाकिटांच्या संख्येपेक्षा मोठा असेल तर ती उघडतच नाहीत. नसेल तर प्रत्येक पाकिटाची चौकशी होते. बेसेमरच्या गोदामात 2022 मध्ये पुन्हा मतदान झालं तेव्हा विरोधात 993, बाजूने 875 आणि हरकतीची 416 अशी स्थिती होती. फरक 118 चा. म्हणजे निकाल त्या पाकिटांत अडकला. छोट्यामोठ्या पात्रतेचे वाद आधी सुनावणीत न सोडवता असे हरकतीखाली पुढे ढकलण्याची पद्धतही आहे, त्याने मतदान लवकर होतं. कंपन्यांना ते आवडत नाही, कारण मतदान लांबलं तर बहुधा त्यांचाच फायदा असतो.

म्हणून यादीत नाव नाही असं आधी कानावर आलं तरी घरी बसू नये, आणि 'तुझं नाव नाही, जा' असं निरीक्षकाने सांगितलं तरी परत फिरू नये. परत पाठवण्याचा अधिकार त्याला नाही. बोर्डाच्या अधिकाऱ्याकडे हरकतीखाली मत मागायचं, पाकिटावर नाव नीट लिहिलंय का ते बघायचं, आणि त्या पगाराच्या काळातली सॅलरी स्लिप जपून ठेवायची. चौकशी लागली तर तीच उपयोगी पडते.